'शेवटला शत्रू': मरणावरच्या विजयाचा अभ्यास कसा मांडावा?

पहाटतारा (धागाकर्ती)

प्रौढांच्या अभ्यासवर्गासाठी पाच बैठकांचा आराखडा करते आहे. विषय: ख्रिस्ताने सैतान, पाप आणि मरण यांच्यावर मिळवलेला विजय. प्रत्येक बैठक दीड तासाची. पहिली वीस मिनिटं उतारा मोठ्याने वाचायला, उरलेला वेळ चर्चेला.

१. उत्पत्ती ३, त्यातही ३:१५. शत्रू कोण, मरण कुठून आलं.
२. मार्क ३:२२-२७ आणि लूक ११:१४-२२. बलवानाला बांधण्याचा दाखला.
३. कलस्सैकरांस २:१५. वधस्तंभावरचा जयोत्सव.
४. १ करिंथकरांस १५.
५. प्रकटीकरण २० व २१.

या क्रमात काय निसटतंय आणि लोक नेमके कुठे अडखळतील, ते सांगा. 'विजय झाला, मग माणसं अजून मरतात कशी?' हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येणार. तो तिथेच घ्यावा की चौथ्या बैठकीपर्यंत थांबवावा? कृपया उतारे अध्याय-ओवीसकट द्या.

शास्त्रवाचक

पहाटताराताई, आराखड्याचा सांगाडा भक्कम आहे. दोन गोष्टी मात्र बदलाच.

पहिली, कलस्सै २:१५ एकटं घेऊ नका, २:१३ पासून घ्या. पंधराव्या ओवीतलं चित्र रोमी विजययात्रेचं आहे: हरलेले सरदार सेनापतीच्या रथापुढे चालवले जात आणि सगळं शहर ते बघत असे. ऐकणाऱ्यांना हे चित्र आवडतं आणि चर्चा तिथेच रमते. पण या हरलेल्या सत्ताधीशांच्या, म्हणजे सैतान व त्याच्या बाजूच्या सत्तांच्या, हातातलं शस्त्र कोणतं होतं, हे चौदाव्या ओवीत आहे. आपल्याविरुद्धचा हस्तलेख, म्हणजे देणेकऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला कर्जाचा कागद. तो वधस्तंभाला खिळला गेला, म्हणून आरोप करणाऱ्याकडे दाखवायला काही उरलं नाही. सैतानाची ताकद आरोपात आहे. जखऱ्या ३:१-५ मध्ये मुख्य याजक यहोशवा मळक्या वस्त्रांनी उभा आहे आणि सैतान त्याच्या उजवीकडे दोष लावायला उभा आहे. तिथे सैतानाशी झुंज होत नाही. त्याला धमकावलं जातं आणि यहोशवाची वस्त्रं बदलली जातात. प्रकटीकरण १२:१०-११ मध्येही तो 'दोष देणारा' म्हणूनच खाली टाकला जातो, आणि त्याला जिंकलं जातं ते कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, रक्तामुळे.

चौथ्या बैठकीतल्या १ करिंथ १५:५६ मध्ये हाच धागा पुढे जातो: मरणाची नांगी पाप, आणि पापाचं बळ नियमशास्त्र. विंचू तसाच राहिला, नांगी निघाली. क्षमा बाजूला ठेवून विजय शिकवला तर तो नुसता पराक्रम होतो, आणि दोषाच्या ओझ्याखाली दबलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग होत नाही.

दुसरी, इब्री २:१४-१५ आराखड्यात नाही. या विषयावरचा सगळ्यात नेमका उतारा तोच. त्यात तीन पायऱ्या आहेत: तो रक्तमांसाचा झाला; मरणाच्या द्वारे त्याने मरणावर सत्ता असणाऱ्या सैतानाला निष्फळ केलं; आणि मरणाच्या भयाने आयुष्यभर दास असलेल्यांना सोडवलं. शेवटच्या पायरीला पुरेसा वेळ द्या. दास्य भयाचं आहे. ज्याला मरणाची धास्ती दाखवून वाकवता येत नाही, त्याच्यावर जुलूम करणाऱ्याचा मोठाच आधार जातो.

योना

शास्त्रवाचकजींच्या दोन्ही मुद्द्यांना +१. 'माणसं अजून मरतात कशी' हा प्रश्न चौथ्या बैठकीपर्यंत थांबवू नका. पहिल्या बैठकीत त्याला दोन मिनिटं द्या आणि उत्तर कोणत्या उताऱ्यात आहे तेवढं सांगून ठेवा: १ करिंथ १५:२३-२६.

पौलाने तिथे क्रम दिला आहे. आधी ख्रिस्त, प्रथमफळ. मग त्याच्या आगमनाच्या वेळी जे त्याचे आहेत ते. मग शेवट. सगळ्या शत्रूंना पायांखाली ठेवीपर्यंत त्याने राज्य केलं पाहिजे, आणि जो शेवटला शत्रू नाहीसा केला जाईल तो मृत्यू. म्हणजे मरण अजून शत्रूच आहे आणि यादीत शेवटचं आहे, हे खुद्द पौलच म्हणतो.

प्रथमफळाची पार्श्वभूमी लेवीय २३:१०-११ मध्ये आहे. हंगामाची पहिली पेंढी याजकाकडे न्यायची आणि त्याने ती शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी देवासमोर ओवाळायची. पहिली पेंढी आणि उरलेलं पीक एकाच शेतातलं असतं. येशूचं उठणं हा एका थोर माणसापुरता अपवाद असता तर पौलाने 'प्रथमफळ' म्हटलंच नसतं. सगळ्यांच्या उठण्याची सुरुवात झाली आहे, हा त्याचा दावा आहे.

हा मधला काळ समजावण्यासाठी ईश्वरविद्येचे अभ्यासक ऑस्कर कुलमान यांनी १९४६ साली दुसऱ्या महायुद्धाची उपमा दिली. निर्णायक लढाई जिंकली गेली आहे, विजयदिन यायचा आहे. नॉर्मंडीचं अवतरण ६ जून १९४४, युरोपातली शरणागती ८ मे १९४५. मधले अकरा महिने माणसं मरतच होती. उपमा चालते, पण तिची मर्यादाही सांगा. लढाईनंतरचं युद्ध सैनिकांच्या बळावर संपतं. १ करिंथ १५ मध्ये शेवट ख्रिस्तच घडवतो, मंडळी नाही. हे सुटलं की 'आपण राज्य आणू' या थाटाची भाषा सुरू होते.

आणखी एक. लाजर (येशूने मेलेल्यांतून उठवलेला माणूस) आणि येशू यांच्यातला फरक चौथ्या बैठकीत उतारे शेजारी ठेवून दाखवा. योहान ११:४४ मध्ये लाजर बाहेर येतो तेव्हा हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले आणि तोंड रुमालाने गुंडाळलेलं आहे. इतरांनी त्याला मोकळं करावं लागतं, आणि १२:१० मध्ये त्याला पुन्हा मारायचा बेतही चालू आहे. योहान २०:६-७ मध्ये तागाची वस्त्रं तिथेच पडलेली आहेत आणि डोक्याचा रुमाल वेगळा, एकीकडे गुंडाळून ठेवलेला आहे. लाजर याच आयुष्यात परतला, त्याला पुन्हा मरायचंच होतं. येशू मरणाच्या पलीकडे गेला. रोम ६:९ प्रमाणे त्याच्यावर मरणाची सत्ता पुन्हा चालत नाही.

जुनी_वही

मंडळीच्या इतिहासात हा विजय कसा मांडला गेला, ते थोडं लांबून लिहितो. वर्गात 'खंडणी दिली ती कोणाला?' हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तर तयार नसलं तर घोटाळा होतो.

दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात लिओंचा बिशप इरेनियस याने आदाम आणि ख्रिस्त समोरासमोर ठेवले. आदाम झाडापाशी आज्ञा मोडतो. ख्रिस्त लाकडावर आज्ञेत राहतो. आदामाला भरल्या बागेत मोह होतो. ख्रिस्ताला चाळीस दिवसांच्या उपासानंतर अरण्यात. जिथे माणूस हरला ती प्रत्येक जागा माणूस म्हणूनच पुन्हा चालून जिंकायची, हे त्याचं सूत्र. तुमच्या पहिल्या बैठकीतल्या उत्पत्ती ३:१५ ला ते थेट जोडता येतं.

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा अथानासियस मरणाकडे बाहेरचा शत्रू म्हणून कमी आणि माणसाच्या आत शिरलेली नासाडी म्हणून जास्त बघतो. ही कीड देहात असल्यामुळे जीवन असलेल्या शब्दाने, म्हणजे देवाच्या पुत्राने, देहच धारण करायला हवा होता. त्याचा पुरावा व्यवहारातला आहे. तो म्हणतो, पूर्वी मरणाला भिणारी माणसं, अगदी बायका-मुलंही, आता ख्रिस्तासाठी मरणाला तुच्छ लेखतात. हातपाय बांधलेल्या पदच्युत जुलमी राजाची येणारे-जाणारे टर उडवतात, तशी आता मरणाची गत झाली आहे.

आता खंडणी. मार्क १०:४५ मध्ये मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी खंडणी म्हणून आपला जीव देतो. कोणाला, हे ओवीत नाही. चौथ्या शतकातला बिशप, निसाचा ग्रेगरी, म्हणाला, सैतानाला. आणि त्यावर गळाची उपमा दिली: देहाच्या आमिषाखाली देवत्वाचा गळ दडला होता, सैतानाने तो गिळला. त्याच काळातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीने सैतानाला देणं ही कल्पना साफ फेटाळली. लुटारूला खंडणी, आणि तीही खुद्द देवाची? हा अपमान आहे, असं त्याने लिहिलं. पित्याला म्हणावं, तर आपण पित्याच्या कैदेत नव्हतोच. म्हणून वर्गात सरळ सांगा: शास्त्र सोडवणुकीची किंमत सांगते, पावती कोणाच्या नावाची ते सांगत नाही. सैतानाचा माणसावर रास्त हक्क होता असं मानलं की बाकीचं गणित बिघडतं.

१०९८ च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने सैतानाला या हिशेबातून बाजूला काढलं. पापाने देवाचा मान हिरावला, त्याची भरपाई माणसाने करायला हवी आणि ती फक्त देव करू शकतो, म्हणून देव-मानव. पश्चिमेकडच्या मंडळ्यांत पुढे ही मांडणी जास्त रुजली. १९३० साली स्वीडनचे ईश्वरविद्येचे अभ्यासक गुस्ताफ आउलेन यांनी विजयाची जुनी मांडणी पुन्हा पुढे आणली आणि तीच मूळची, असा आग्रह धरला. त्यांच्यामुळे हा विषय पुन्हा चर्चेत आला, याचं मोल मोठं आहे. पण त्यांनी दोन मांडण्यांत जेवढी दरी दाखवली तेवढी कलस्सै २:१४-१५ मध्ये दिसत नाही. कर्जाचा कागद आणि विजययात्रा तिथे एकाच वाक्यप्रवाहात आहेत. शास्त्रवाचकजींनी वर हेच दाखवलं आहे.

ओलिव्हची_फांदी

पूर्वेकडच्या मंडळ्यांचं पुनरुत्थानाचं चित्र वर्गात नक्की दाखवा. कॉन्स्टँटिनोपलच्या (आजचं इस्तंबूल) खोरा चर्चमधलं चौदाव्या शतकातलं भित्तिचित्र त्यात प्रसिद्ध आहे. त्यात रिकामी कबर नाही. पांढऱ्या वस्त्रातला ख्रिस्त अधोलोकात उभा आहे, पायाखाली उखडलेली दारं, त्याखाली काळोखात विखुरलेली कुलपं, किल्ल्या, खिळे, आणि बांधलेली एक आकृती. एका हाताने तो आदामाला, दुसऱ्याने हव्वेला त्यांच्या शवपेट्यांतून ओढून काढतो आहे.

हात नीट बघायला सांगा. त्याने त्यांचा तळवा धरलेला नाही, मनगट धरलं आहे. हातात हात दोघांनी धरायचा असतो. मनगट धरलं की ओढणाऱ्याचंच बळ. मेलेल्या माणसाकडून मदतीची अपेक्षा नाही, हे चित्रकाराने एवढ्याशा जागेत सांगून टाकलं आहे. छापील प्रत निदान वहीच्या दोन पानांएवढी मोठी हवी, नाहीतर खालची कुलपं दिसतच नाहीत.

उपासनेतही हा विजय 'करून' दाखवला जातो. लॅटिन (रोमन कॅथलिक) विधीच्या पास्का जागरणात, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत, आधी अंधारात नवा अग्नी पेटवतात. पास्का मेणबत्तीवर क्रूस, वर आल्फा, खाली ओमेगा (ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर) आणि क्रूसाच्या चार कोनांत चालू वर्षाचे चार अंक कोरतात. धुपाचे पाच दाणे पाच जखमांच्या खुणा म्हणून बसवता येतात. वाचनं नऊ: सात जुन्या करारातली, दोन नव्यातली. अडचण असेल तर जुन्या करारातली कमी करता येतात, पण निर्गम १४, समुद्र ओलांडण्याचं वाचन, कधीच गाळता येत नाही. विधी रात्र पडल्यावर सुरू व्हायला हवा आणि रविवार उजाडण्याआधी संपायला हवा. संधिप्रकाशात उरकला तर अग्नी आणि मेणबत्ती यांचा अर्थच जातो. हीच चूक सगळ्यात जास्त होते.

स्नानसंस्काराआधी (बाप्तिस्म्याआधी) सैतानाचा त्याग असतो. चौथ्या शतकातल्या जेरुसलेमच्या प्रवचनांत त्याचं वर्णन आहे: उमेदवार पश्चिमेकडे, अंधाराच्या दिशेकडे तोंड करून, हात पुढे करून, सैतान समोर उभा असल्यासारखं त्याला नाकारतो. मग पूर्वेकडे वळून विश्वास कबूल करतो. बिझंटाइन (पूर्वेकडच्या मंडळ्यांच्या) विधीत हे वळणं आजही आहे. आधी त्याग, मग वळणं, मग कबुली. क्रम उलटा चालत नाही.

शास्त्रवाचक

ओलिव्हताई, चित्राबद्दल सहमत, पण 'अधोलोकात उतरला' हे वर्गात सिद्ध गोष्टीसारखं ठेवू नका. प्रेषितांच्या मतांगीकारात (विश्वासाच्या जुन्या कबुलीत) ते वाक्य आहे, पण इ.स. ४०० च्या सुमारास रुफिनस हा लेखक नोंदवतो की रोमच्या मतांगीकारात ते नव्हतं, त्याच्या अक्विलेयाच्या मंडळीच्या मतांगीकारात होतं. १ पेत्र ३:१८-२० मधले 'तुरुंगातले आत्मे' म्हणजे मेलेली माणसं, पडलेले दूत, की नोहाच्या काळातले लोक, यावर गंभीर मतभेद आहेत. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याने तर मतांगीकारातलं ते वाक्य वधस्तंभावरच्या यातनांना लावलं.

ओलिव्हची_फांदी

१ पेत्र ३ वर मीही इमारत उभी करणार नाही, तो उतारा अवघडच आहे. पाया प्रेषितांची कृत्ये २:२४-३१ इथे आहे. पेत्र स्तोत्र १६ उचलून म्हणतो की त्याला अधोलोकात सोडून दिलं नाही. म्हणजे तो मेलेल्यांत खरोखर होता, आणि मरणाला त्याला धरून ठेवणं शक्य नव्हतं. प्रकटीकरण १:१८ मध्ये मरणाच्या व अधोलोकाच्या किल्ल्या त्याच्या हातात आहेत. खोराच्या चित्रातल्या किल्ल्यांसाठी एवढं पुरेसं आहे.

शास्त्रवाचक

हे दोन उतारे घेऊन केलं तर माझी हरकत नाही.

मरियन

आत्तापर्यंत आलं नाही असं काही, थोडक्यात. हे प्रत्यक्ष शिकवताना कुठे बिघडतं त्याबद्दल.

सैतान देवाच्या बरोबरीचा होतो. दोन फौजांचं चित्र रंगवलं की ऐकणारा नकळत दोन देव मानू लागतो. सैतान निर्माण केलेला आहे; कलस्सै १:१६ म्हणते की दृश्य-अदृश्य सगळ्या सत्ता ख्रिस्तामध्ये निर्माण झाल्या. ईयोब १ व २ मध्ये तो परवानगीशिवाय हलत नाही.

पुनरुत्थान 'आत्मा अमर आहे' इतकंच होऊन बसतं. १ करिंथ १५:३५-४९ पूर्ण वाचा, गाळू नका. पौल देहाबद्दल बोलतो आहे. मरणाने देह कायमचा ठेवून घेतला आणि फक्त आत्मा सुटला, तर मरण अर्धं जिंकलं.

आजारी माणसावर विजयाची सक्ती होते. 'विजय झाला आहे, मग तू बरा का नाहीस? तुझा विश्वास कमी.' हे क्रूर आहे आणि शास्त्राला धरूनही नाही. 'त्याच्याकडून आपण महाविजयी ठरतो' हे वाक्य रोम ८:३७ चं, आणि त्याच्या आधीच्या दोन ओव्यांत क्लेश, छळ, उपासमार, नग्नता, तरवार आहे. पुनरुत्थान होऊन गेलं आहे असं शिकवणाऱ्या हुमनाय आणि फिलेत यांना २ तीमथ्य २:१७-१८ नावानिशी चुकीचं ठरवते. सगळं काही आत्ताच मिळायला हवं, हा आग्रह त्याच वाटेवरचा आहे.

साप उचलणे, विष पिणे यासाठी मार्क १६:१७-१८ पुढे केलं जातं. मार्क १६:९-२० हा भाग सिनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन मुख्य हस्तलिखितांत नाही. त्यावर कोणतीही प्रथा उभारू नये.

आणि इफिस ६ चा अतिरेक. प्रत्येक खोकल्यामागे भूत शोधलं जातं. ६:११-१४ मध्ये 'टिकून राहा, उभे राहा' हाच आदेश परत परत येतो. चढाई करा असं नाही. तिथल्या देवाच्या शस्त्रसामग्रीतल्या सहा वस्तूंपैकी कंबरपट्टा, उरस्त्राण, पायतण, ढाल, शिरस्त्राण ही पाचही अंगावर किंवा हातात संरक्षणासाठी. तलवार एकच, आणि ती देवाचं वचन. जागा आधीच जिंकलेली आहे, ती सोडायची नाही.

योना

मरियनताईंना जोडून: १ करिंथ १५:५५ वाचताना होशेय १३:१४ आवर्जून उघडा. तिथे संदर्भ न्यायाचा आहे. एफ्राइमच्या (उत्तरेकडच्या इस्राएलाच्या) पापामुळे मरणाच्या पीडांनाच जणू बोलावणं आहे असं पुष्कळ अभ्यासक वाचतात. पौल तेच शब्द मरणाच्या तोंडावर फेकतो. आणि १५:५४ मधलं 'मरण विजयात गिळले गेले' हे यशया २५:८ मधून येतं, जिथे पुढच्याच शब्दांत प्रभू सगळ्यांच्या तोंडावरचे अश्रू पुसतो. प्रकटीकरण २१:४ तिथूनच आलं आहे. चौथी आणि पाचवी बैठक या यशयाच्या ओवीने सांधता येईल.

१५:२९, 'मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा', यावर कोणीतरी थांबेलच. त्या ओवीची बरीच स्पष्टीकरणं आहेत, एकावरही एकमत नाही. 'पौल पुनरुत्थानाच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद देतो आहे' एवढं सांगून पुढे जा, नाहीतर अर्धा तास तिथेच जाईल.

पहाटतारा

सगळ्यांचे मनापासून आभार. आराखडा असा बदलते:

१. उत्पत्ती ३ + रोम ५:१२-२१ (आदाम आणि ख्रिस्त). शेवटी १ करिंथ १५:२६ ची फक्त ओळख.
२. लूक ११:१४-२२ + लूक ४:१-१३. बलवानाला बांधणं अरण्यातल्या मोहापासून सुरू होतं, म्हणून दोन्ही एकत्र. मार्कचा समांतर उतारा घरी वाचायला.
३. जखऱ्या ३:१-५, कलस्सै २:१३-१५, इब्री २:१४-१५. याच क्रमाने.
४. योहान ११:४४ व २०:६-७, मग १ करिंथ १५ पूर्ण. ५८ ओव्या, मोठ्याने वाचायला दहा-बारा मिनिटं. खोराचं चित्र इथेच.
५. यशया २५:६-९, प्रकटीकरण १२:१०-११, २०:११-१५, २१:१-५.

एकच शंका उरली. प्रकटीकरण २०:१-६ मधली हजार वर्षं मी मुद्दाम वगळली आहेत. बरोबर आहे ना? आणि वर्गातल्या काही जणांच्या घरी नुकतेच मृत्यू झाले आहेत. पाचवी बैठक त्यांना जड जाणार नाही ना?

जुनी_वही

हजार वर्षं वगळलीत ते योग्यच. आगमन हजार वर्षांआधी, नंतर, की हजार वर्षं म्हणजे मंडळीचा सध्याचा काळ, यावर निष्ठावान ख्रिस्ती शतकानुशतकं वेगळं वाचत आले आहेत. तिन्ही पक्ष २०:१४ वर मात्र एक आहेत: मरण आणि अधोलोक हेच अग्निसरोवरात टाकले जातात. मरणालाच मरण येतं.

मरियन

शोकाबद्दल. पाचव्या बैठकीची सुरुवात योहान ११:३३-३५ ने करा. लाजराला उठवायला निघालेला येशू, पुढे काय करणार हे ठाऊक असूनही, रडतो. १ थेस्सल ४:१३ 'खेद करू नये' एवढ्यावर तोडलं की दुखवट्यात बसलेल्या माणसाच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं होतं. ओवी पूर्ण वाचा: ज्यांना आशा नाही अशा बाकीच्यांसारखा खेद करू नये. रडायला मनाई नाही. 'प्रभूची इच्छा होती, रडू नका' असं कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा, कारण १ करिंथ १५:२६ मरणाला शत्रू म्हणते आणि शत्रूने नेलेल्यासाठी रडणं रास्त आहे.

वाचून झाल्यावर लगेच चर्चेला बसू नका, दोनतीन मिनिटं शांत राहू द्या. ज्यांच्या घरी मृत्यू झाला आहे त्यांना उतारा वाचायला सांगायचं असेल तर आदल्या दिवशी विचारा, सगळ्यांसमोर नाही. आणि प्रकटीकरण २१:४ वाचताना आवाज फुटला तर पुढची ओवी उचलायला शेजारी दुसरा वाचक तयार ठेवा.